'पोकळी' या शब्दाविषयी: अमेरिका, चीन आणि फिलिपिन्स

आशियातील अमेरिकन सैन्याची आणि चीनच्या वाढत्या सामर्थ्याची चर्चा निघाली की एक शब्द हमखास कानी पडतो: पोकळी. अमेरिका गेली तर पोकळी निर्माण होईल आणि ती चीन भरून काढील, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, अमेरिका उंबऱ्याशी येऊन बसली आहे म्हणूनच चीनला शस्त्रे परजावी लागतात. ती निघून गेली तर आशिया आपले आपण पाहून घेईल. अग्रलेखांत, दूरचित्रवाणीवरच्या वादांत आणि प्राध्यापक-कक्षातील चहाच्या वेळीही या दोन बाजू आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आम्ही मराठीचे अध्यापक. युद्धनीती हा आमचा प्रांत नव्हे. परंतु शब्दांविषयी शंका घेणे हे आमचे रोजचे काम आहे. पोकळी हा शब्द भौतिकशास्त्राचा आहे. जेथे काहीच नाही तेथे पोकळी असते. मग ज्या भूमीवर माणसे राहतात, मासे धरतात, निवडणुका लढवतात, कादंबऱ्या लिहितात, तिला पोकळी म्हणताना आपण नेमके काय करीत असतो?

हा प्रश्न आम्ही फिलिपिन्सच्या उदाहरणावर घासून पाहू इच्छितो. अकरा कोटींहून अधिक लोकवस्तीच्या या द्वीपराष्ट्राने अमेरिकेला 'आता पुरे' असे सांगितले, तिचे सैन्य गेलेले पाहिले, त्यानंतर चीन आपल्या सागरी अंगणात आलेला पाहिला आणि पुन्हा अमेरिकेला दार उघडून दिले. हे सारे एका पिढीच्या आयुष्यात घडले. त्यामुळे दोन्ही पक्ष आपापल्या समर्थनार्थ याच देशाचा दाखला देतात. तो दाखला खरोखर काय सांगतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. 'गोऱ्या माणसाचे ओझे' हा शब्दप्रयोग आपण इंग्रजांच्या हिंदुस्थानातील राज्याशी जोडून वापरतो. वस्तुतः मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने ती कविता १८९९ साली प्रसिद्ध केली ती अमेरिकेला उद्देशून, आणि तिचा विषय होता फिलिपिन्स. कवितेच्या उपशीर्षकातच या दोन्ही देशांची नावे आहेत. त्याच्या आदल्या वर्षी, १२ जून १८९८ रोजी, फिलिपिनो क्रांतिकारकांनी स्पेनपासून स्वातंत्र्य घोषित केले होते. परंतु १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली. ज्यांच्या देशाचा हा व्यवहार होता, त्यांच्या प्रतिनिधीला वाटाघाटींत जागा मिळाली नाही. पुढे फेब्रुवारी १८९९ पासून १९०२ पर्यंत अमेरिका आणि फिलिपिनो स्वातंत्र्यसैनिक यांच्यात युद्ध झाले. लढाई, उपासमार आणि रोगराई यांत सुमारे दोन लाख सामान्य नागरिक मरण पावले असावेत, असा अंदाज सर्वसाधारणपणे सांगितला जातो. येथे राज्य करण्यास लायक असा कोणी नाही, तेव्हा ते ओझे आपणच उचलले पाहिजे, ही त्या युद्धामागची भूमिका होती. पोकळीच्या सिद्धान्ताची ही पहिली आवृत्ती.

याच देशात होसे रिझाल नावाचा एक कादंबरीकार होऊन गेला. व्यवसायाने तो डोळ्यांचा डॉक्टर. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सत्तेने त्याला मनिलात गोळ्या घालून मारले. शंभर वर्षांनंतरचा फिलिपिन्स कसा असेल, या विषयावर त्याने १८८९-९० मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला होता. स्पेन गेल्यास दुसरी कोणती सत्ता येथे येऊ शकेल, याचा विचार करताना तो एकेका देशाचे नाव घेतो. चीनने स्वतःला एकसंध राखले तरी पुष्कळ, असे त्याचे मत होते. अमेरिका आपल्या परंपरेच्या विरुद्ध जाऊन एखादे दिवशी परमुलुखाचे स्वप्न पाहील, ही शक्यता मात्र त्याने नोंदवून ठेवली. अमेरिकेविषयीचा त्याचा संशय दहा वर्षांच्या आत खरा ठरला. चीनविषयीचा अंदाज शंभर वर्षे टिकला आणि मग तोही कोसळला. आजच्या वादाची दोन्ही पात्रे एका फिलिपिनो लेखकाच्या टिपणात अशी पूर्वीच येऊन गेली आहेत. आपला देश या दोघांच्या मधली रिकामी जागा आहे, असे मात्र त्याला कोठेही वाटलेले दिसत नाही.

अमेरिकेने फिलिपिन्सला स्वातंत्र्य दिले ते ४ जुलै १९४६ रोजी, म्हणजे स्वतःच्या स्वातंत्र्यदिनी. (पुढे १९६२ मध्ये फिलिपिन्सने आपला दिवस बदलून १२ जून केला. त्यामागची भावना स्वतंत्रपणे सांगण्याची गरज नाही.) स्वातंत्र्याला वर्ष होण्यापूर्वीच, मार्च १९४७ मध्ये, नव्याण्णव वर्षांच्या मुदतीचा लष्करी तळांचा करार झाला. १९६६ मध्ये ती मुदत कमी करून १९९१ पर्यंत आणली गेली. सुबिक उपसागरातील नाविक तळ आणि क्लार्क येथील हवाई तळ हे अमेरिकेच्या परदेशांतील सर्वांत मोठ्या तळांपैकी होते. व्हिएतनाम युद्धाची रसद तेथूनच हलत असे. फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला, विरोधकांना तुरुंगात टाकले, देश लुटला. आणि तळ सुरक्षित होते तोवर वॉशिंग्टनने या साऱ्याकडे काणाडोळा केला. फेब्रुवारी १९८६ मध्ये जनता रस्त्यावर उतरली तेव्हा मार्कोस देश सोडून गेले ते क्लार्क तळावरूनच.

तळांचे समर्थन करणारे रोजगाराचे आकडे सांगतात. सुबिकलगतच्या ओलोंगापो शहरात रोजगार होता हे खरेच. परंतु त्यातील मोठा भाग सैनिकांच्या करमणुकीवर उभा होता आणि ती करमणूक म्हणजे गरीब मुलींची देहविक्री. अमेरिकन पित्यांची हजारो मुले त्या शहरांत मागे राहिली. १९८२ साली अमेरिकेने व्हिएतनाम, कोरिया, थायलंड आदी देशांतील अशा मुलांना स्थलांतराचा मार्ग खुला करणारा कायदा केला. फिलिपिन्सचे नाव त्या यादीत नव्हते. सामरिक अभ्यासाच्या ग्रंथांत 'उपस्थिती' असा जो सोज्वळ शब्द येतो, त्याचा तळाच्या दारातला अर्थ हा असा होता.

१९८७ च्या नव्या राज्यघटनेत या अनुभवाचे सार उतरले. १९९१ नंतर परदेशी तळ, सैन्य वा लष्करी सुविधा देशात ठेवायच्या असतील तर त्यासाठी रीतसर तह हवा आणि त्याला सिनेटची संमती हवी, असे कलम तीत घालण्यात आले. त्या कलमाची कसोटी लवकरच लागली. जून १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि राखेखाली गाडला गेलेला क्लार्क तळ सोडण्याचे अमेरिकेने ठरवले. उरला सुबिक. तो आणखी काही वर्षे ठेवण्याचा तह सिनेटपुढे आला. राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो तहाच्या बाजूने स्वतः मोर्चा घेऊन आल्या. तरीही १६ सप्टेंबर १९९१ रोजी तेवीसांपैकी बारा सदस्यांनी विरोधात मत दिले. संमतीसाठी दोन-तृतीयांश मते हवी होती. तह फेटाळला गेला. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी अमेरिकेने सुबिक सोडले.

आता पोकळीवाल्यांचा मुख्य मुद्दा. अमेरिका १९९२ मध्ये गेली. १९९५ च्या आरंभी पालावान बेटापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील मिस्चिफ या प्रवाळखडकावर चीनने खांब रोवून बांधकाम केल्याचे आढळले. बीजिंगचे म्हणणे असे की हे मच्छीमारांसाठी उभारलेले निवारे आहेत. आज तेथे कृत्रिम बेट आहे आणि त्यावर धावपट्टी आहे. अमेरिका गेली आणि चीन आला, याहून सरळ कार्यकारणभाव कोणता, असे विचारले जाते. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. परंतु सनावळी थोडी मागे न्यावी. जानेवारी १९७४ मध्ये चीनने दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाशी लढून पॅरासेल बेटांचा पश्चिमेकडील भाग घेतला, तेव्हा सुबिक तळ गजबजलेला होता. मार्च १९८८ मध्ये स्प्रॅटली द्वीपसमूहातील जॉन्सन खडकाजवळ चीनने चौसष्ट व्हिएतनामी सैनिक मारले, तेव्हाही सुबिक आणि क्लार्क दोन्ही चालू होते. दोन्ही वेळा सातवे आरमार जागचे हालले नाही. फिलिपिन्सच्या वाट्याला तोवर कोणी गेले नव्हते, असे यावर म्हणता येईल. ते खरे आहे आणि त्याचे वजन आम्ही नाकारत नाही. पण मग तळ हे आशियाचे रक्षण करीत होते, हा मोठा दावा सोडून द्यावा लागतो. ते ज्याच्या अंगणात होते त्याचे, आणि तेही अमेरिकेच्या सोयीपुरते रक्षण करीत होते.

शिवाय १९५१ चा परस्परसंरक्षण तह १९९२ नंतरही कायम होता. १९९९ मध्ये सैनिकांच्या ये-जा करण्याविषयीचा करार सिनेटने मंजूर केला आणि अमेरिकन सैन्य सरावांसाठी पुन्हा येऊ लागले. असे असताना एप्रिल २०१२ मध्ये लुझोन बेटापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील स्कारबरो खडकाजवळ चिनी आणि फिलिपिनो जहाजे समोरासमोर आली. अमेरिकेच्या मध्यस्थीने दोघांनी मागे हटावे असे ठरले, असे मनिलाचे म्हणणे. फिलिपिन्सची जहाजे परतली, चीनची तेथेच राहिली आणि अमेरिका गप्प बसली. तह होता, सैन्य होते, सराव होते. तरी खडक गेला. तेव्हा याला पोकळी कसे म्हणावे?

दुसऱ्या पक्षाचीही अडचण तितकीच मोठी आहे आणि या पक्षाशी आमचा स्नेह अधिक असल्यामुळे ती स्पष्टपणे मांडणे आमचे कर्तव्य ठरते. चीनचे आक्रमण ही अमेरिकन वेढ्याची प्रतिक्रिया आहे, असे हा पक्ष सांगतो. जपानमध्ये पन्नास हजारांहून अधिक आणि दक्षिण कोरियात सुमारे अठ्ठावीस हजार अमेरिकन सैनिक आहेत. चीनच्या किनाऱ्यासमोर अमेरिकन नौका फिरतात. अफूच्या युद्धांपासून समुद्रमार्गे आलेला अपमान चीन विसरलेला नाही. हे सारे मान्य. पण १९९५ मधले मिस्चिफवरचे बांधकाम ही कशाची प्रतिक्रिया होती? फिलिपिन्समध्ये तेव्हा अमेरिकेचा एकही तळ नव्हता. स्वतःच्या संसदेत मत देऊन महासत्तेला घरी पाठवणाऱ्या या छोट्या देशाचे चीनने खरे तर स्वागत करायला हवे होते. त्याऐवजी त्याच्या दुबळेपणाचा हिशेब मांडला गेला. १९७४ आणि १९८८ ही साले पहिल्या पक्षाला अडचणीची, तर १९९५ हे साल दुसऱ्या पक्षाला. दोघेही आपल्याला नकोशी सनावळी गाळून इतिहास सांगतात.

आपल्याकडील चीनविषयक ममत्वाचा एक उगम सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या आयुष्यात आहे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि ते नाव घरोघर पोहोचले. परंतु कोटणीस गेले होते ते परकीय सैन्य ज्यांच्या दारात आले होते अशा माणसांसाठी. त्या वेळी ती माणसे चिनी होती. झाम्बालेस प्रांतातील मासिनलोक गावचा मच्छीमार ज्या स्कारबरोवर वाडवडिलांपासून जाळी टाकत आला, तेथून त्याला आज पाण्याचे फवारे मारून हाकलले जाते. कोटणीसांचा वारसा सांगणाऱ्याने या मच्छीमाराकडे पाठ फिरवली, तर त्याने वारशातले नाव घेतले आणि मर्म टाकून दिले, असे म्हणावे लागेल.

स्कारबरो हे नावही मोठे बोलके आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातील त्या नावाचे एक जहाज अठराव्या शतकात तेथील खडकाला लागले. फिलिपिनो त्याला बाहो दे मासिनलोक म्हणतात, चिनी ह्वांगयान म्हणतात, आणि जगाच्या नकाशावर मात्र त्या इंग्रजी जहाजाचे नाव कायम आहे. या समुद्राला जग दक्षिण चिनी समुद्र म्हणते. त्यातील आपल्या हक्काच्या भागाला मनिलाने २०१२ मध्ये अधिकृतपणे पश्चिम फिलिपिन्स समुद्र असे नाव दिले. हा केवळ नावांचा खेळ नव्हे. नाव कोणी ठेवायचे, या प्रश्नातच मालकीचा प्रश्न दडलेला असतो.

१२ जुलै २०१६ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला, की नऊ तुटक रेषांच्या आधारे चीन या समुद्रावर सांगत असलेल्या ऐतिहासिक हक्कांना सागरी कायद्याचा आधार नाही. स्कारबरोची मालकी कोणाची, या प्रश्नात लवाद शिरला नाही. मात्र फिलिपिनो मच्छीमारांच्या पारंपरिक हक्काचा भंग झाला, असे त्याने म्हटले. चीनने निकाल साफ धुडकावला. त्या निकालाचा उच्चार अमेरिका प्रत्येक व्यासपीठावर करते. पण ज्या सागरी कायद्याच्या करारावर तो उभा आहे, त्यात ती स्वतः अद्याप सामील झालेली नाही. एकाने न्यायालय नाकारायचे आणि दुसऱ्याने त्याच्या दारात उभे राहून, आत न जाता, इतरांना कायदा शिकवायचा, असा हा देखावा आहे.

दरम्यान एप्रिल २०१४ मध्ये अमेरिका आणि फिलिपिन्स यांच्यात वाढीव संरक्षण सहकार्याचा करार झाला. त्याची भाषा अभ्यासण्यासारखी आहे. राज्यघटनेने तळांना अटकाव केला आहे. म्हणून या करारात तळ नाहीत, 'ठरवून दिलेली ठिकाणे' आहेत. सैन्य कायम राहणार नाही, 'आळीपाळीने' येईल. चीनने १९९५ मध्ये मच्छीमारांचे निवारे म्हटले, अमेरिकेने २०१४ मध्ये ठरवून दिलेली ठिकाणे म्हटले. आपण जे करतो आहोत त्याला त्याच्या नावाने हाक मारण्याची हिंमत दोघांनाही होत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे हा करार सिनेटपुढे आलाच नाही. सिनेटने ठराव करून आपल्या संमतीचा आग्रह धरला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये निर्णय दिला की हा शासकीय करार असल्याने अशा संमतीची गरज नाही. ज्या दाराला १९८७ मध्ये कुलूप लावले होते, त्याच्या शेजारी खिडकी उघडली गेली. त्याच २०१४ सालच्या ऑक्टोबरात ओलोंगापो शहरात एका अमेरिकन सैनिकाने एका पारलिंगी स्त्रीचा जीव घेतला. फिलिपिन्सच्या न्यायालयाने त्याला शिक्षा ठोठावली आणि २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला माफी दिली. अमेरिकेला एरवी शिव्या घालणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने ती द्यावी, यातून नेत्यांच्या शाब्दिक स्वाभिमानाची किंमत कळते.

२०२३ मध्ये अशी आणखी चार ठिकाणे जाहीर होऊन त्यांची संख्या नऊ झाली. त्यांतील तीन लुझोनच्या उत्तर भागात, तैवानच्या दिशेला आहेत. मनिलात हे राष्ट्रीय सुरक्षेचे पाऊल होते. पण कागायान प्रांताच्या तत्कालीन गव्हर्नरांनी उघड विरोध केला, कारण युद्ध पेटलेच तर पहिला बाण आपल्या प्रांतावर येईल, ही त्यांची भीती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मनिलातील चिनी राजदूतांनी तैवानमध्ये काम करणाऱ्या दीड लाख फिलिपिनो कामगारांची आठवण करून दिली: त्यांची काळजी असेल तर तैवानच्या स्वातंत्र्याला विरोध करा. एका बाजूला क्षेपणास्त्राचे लक्ष्य होण्याची भीती, दुसऱ्या बाजूला परदेशी राबणारी मुलेबाळे ओलीस. ज्याचे जळते त्यालाच कळते; आपण मात्र उंटावरून शेळ्या हाकत 'फिलिपिन्सने अमुक करावे' असे सांगत असतो.

या कहाणीचे सर्वांत चपखल चित्र अयुंगिन खडकावर आहे. तेथे फिलिपिन्सने १९९९ मध्ये सिएरा माद्रे नावाचे एक जुने जहाज मुद्दाम रुतवून ठेवले. ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेले. गंजून चाळणी झालेल्या त्या सांगाड्यावर मूठभर फिलिपिनो नौसैनिक आळीपाळीने राहतात आणि देशाचा हक्क टिकवून धरतात. १७ जून २०२४ रोजी त्यांना रसद पोहोचवणाऱ्या नावांवर चिनी तटरक्षक सुरे आणि कुऱ्हाडी घेऊन चालून गेले. एका फिलिपिनो सैनिकाचा अंगठा तुटला. महासत्तांच्या स्पर्धेविषयीच्या परिषदांत या अंगठ्याला स्थान नसते. आमच्या मते तो चर्चेच्या मध्यभागी हवा.

मग निष्कर्ष काय? आमच्यापुरता तो असा. १९९१ चे मत ही फिलिपिन्सची चूक होती, असे जे आज मागे वळून सांगितले जाते ते आम्हांस मान्य नाही. चूक त्यानंतर झाली. परकीय पहारेकऱ्याला निरोप दिल्यावर स्वतःच्या पहाऱ्याची व्यवस्था करावी लागते. सैन्याच्या आधुनिकीकरणाचा कायदा १९९५ मध्ये झाला, १९९७ चे आशियाई आर्थिक संकट आले आणि पुरेसा पैसा कधी उभा राहिला नाही. स्वाभिमानाचा ठराव एका दिवसात होतो. त्याचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागतो. तो सोसण्याची तयारी नसलेला साम्राज्यविरोध अपुरा राहतो आणि देश आगीतून फुफाट्यात जातो.

आणि दोन महासत्तांची तुलना करायचीच, तर ती कोणाच्या मनात काय आहे यावरून करू नये. एकच प्रश्न विचारावा: यजमानाने 'नाही' म्हटले तर पाहुणा जातो का? १९९१ मध्ये मनिलाने 'नाही' म्हटले आणि अमेरिका गेली. २०१२ मध्ये मनिलाने 'नाही' म्हटले आणि चीन गेला नाही; २०१६ मध्ये लवादाने म्हटले, तरी गेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर चीनने स्कारबरोवर आपले निसर्ग-अभयारण्य जाहीर केले. हा फरक लहान नाही आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु याचे श्रेय अमेरिकेच्या सौजन्याला देण्याचे कारण नाही. १८९९ मध्ये तिलाही हेच 'नाही' ऐकवले होते. तेव्हा ती तोफा घेऊन आली. मधल्या नव्वद वर्षांत फिलिपिनो लोकांनी लढून, तुरुंगात जाऊन, रस्त्यावर उतरून आणि राज्यघटनेत एक कलम घालून त्या शब्दाला बळ मिळवून दिले. म्हणूनच सिनेटला वळसा घालणारा २०१४ चा करार आम्हांस अधिक चिंताजनक वाटतो. अमेरिकन सैनिक परत आले यापेक्षा, त्यांना 'नाही' म्हणण्याची जागा आकसली, हे नुकसान मोठे आहे. मित्राच्या उदारतेवर विसंबून कसे चालत नाही, याचा अनुभव जुलै २०२५ मध्ये आलाच: फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या भेटीवर असतानाच त्यांच्या मालावर १९ टक्के आयातशुल्क जाहीर झाले.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध आहे आणि तो दूरचा नाही. ज्या सातव्या आरमाराचा सुबिक हा मोठा आधार होता, त्याच आरमाराची एन्टरप्राइझ ही विमानवाहू नौका डिसेंबर १९७१ मध्ये आपल्याला धमकावण्यासाठी बंगालच्या उपसागरात आली होती. २०१६ मध्ये भारताने अमेरिकेशी एकमेकांच्या तळांवर रसद आणि दुरुस्तीची सोय देण्याचा करार केला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीने अमेरिकन नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीचा करार केला. यात तळ देण्याचा प्रश्न नाही, असे सरकार सांगते आणि आज ते खरेही आहे. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपिन्सने आपल्याकडून ब्रह्मोस क्षेपणास्त्रे घेण्याचा सुमारे साडेसदतीस कोटी डॉलरचा करार केला. एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप गेली: रशियाच्या भागीदारीत बनलेले क्षेपणास्त्र, अमेरिकन बनावटीच्या विमानातून, चीनला शह देण्यासाठी. आपण आता या समुद्रातले नुसते प्रेक्षक राहिलेलो नाही.

म्हणूनच फिलिपिन्सकडून एक गोष्ट शिकून घ्यावी, असे आम्हांस वाटते. त्यांच्या राज्यघटनेत निदान ते कलम आहे. भारतीय राज्यघटनेत परराष्ट्राशी केलेल्या कराराला संसदेची संमती घेण्याचे बंधनच नाही; मंत्रिमंडळ करार करते आणि आपण तो वर्तमानपत्रात वाचतो. सैन्य, रसद आणि शस्त्रे यांविषयीचे करार संसदेपुढे यावेत, त्यांवर चर्चा व्हावी, मत घेतले जावे, ही मागणी डाव्यांची वा उजव्यांची ठरू नये. अमेरिकेवर प्रेम असणाऱ्यांनी ती करावी आणि चीनचा कळवळा असणाऱ्यांनीही करावी. 'नाही' म्हणण्याची जागा संसदेत एकदा पक्की झाली, की मग कोणाला किती जवळ करायचे याचा वाद आपण खुशाल घालू.